सात पट्ट्यांची बनुबाई

बनुबाई रोज सकाळी सांगलीच्या बायकांना नावं घेऊन शिव्या देते आणि त्या शिव्यांवरच तिची वांगी पोसतात, अशी आमच्या गावात बोलवा होती. ती उठवली तात्याबानं. तात्याबा म्हशी घेऊन कृष्णेला निघायचा तो बनुबाईच्या बांधावरून. त्यानं सगळं आपल्या कानानं ऐकलं होतं, आणि पारावर बसून तो ते करून दाखवायचा: "शकुंतले, लय माजलीस गं, जरा अंग आवर. आणि चारुशीले, तुला रोज पाणी पाजायचं, खत घालायचं, तरी तुझं थोबाड वाकडंच." तात्याबाला बाईचा आवाज काढता येत नाही, तो नाकातून बोलतो. बनुबाईचा आवाज छातीतला. नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. पण पारावरच्या मंडळींना तेवढं पुरलं. जो ऐकायचा तो पुढं सांगताना पदरच्या दोन शिव्या घालायचा, आणि शिमग्यापर्यंत बोलवा अशी झाली, की ऐकणाऱ्यानं कानात बोटं घालावीत.

खरी गोष्ट वेगळी होती. शकुंतला आणि चारुशीला या सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या बायका होत्या हे खरं, पण बनुबाई बोलायची ती त्यांच्याशी नव्हे. ती बोलायची जमिनीच्या दोन पट्ट्यांशी. शकुंतला म्हणजे पाटाच्या तोंडाची पहिली पट्टी, जिथं टोमॅटो काठीला न जुमानता आडवा पसरला होता. चारुशीला म्हणजे उताराकडची शेवटची, जिथली वांगी पहिल्यापासूनच हिरमुसलेली. मध्ये आणखी पाच पट्ट्या, पाच घरांच्या नावाच्या, आणि प्रत्येकीत सगळं माळवं थोडं थोडं. बनुबाईला लिहितावाचता येत नव्हतं, आणि सात घरांचा हिशेब डोक्यात ठेवायचा तर हीच सोय बरी होती. त्या बायका खरोखर समोर आल्या की ती "आवं वकीलीणबाई, बसा की" म्हणायची, आणि पदर सावरून.

हे सगळं सुरू झालं मोठ्या दुष्काळानंतर. बनुबाईचा नवरा सयाजी पलटणीत, आसामात कुठंतरी. घरची शेती धाकटा दीर लालासाहेब बघायचा. नदीकाठाला त्यांचा मळीचा एक तुकडा होता, गाळाचा, काळा, मऊ. तिथं बनुबाई माळवं करायची आणि पाटी डोक्यावर घेऊन आयर्विन पुलावरून सांगलीला जायची. मंडईतले दलाल भाजीचा ढीग पायानं सरकवून भाव सांगायचे, त्याचा तिला राग यायचा. म्हणून ती गावभागात दारोदार विकायला लागली. तिथं शकुंतलाबाई भेटल्या. त्यांचे यजमान शाळेत मास्तर. त्या म्हणाल्या, "बनुबाई, तुम्ही रोज उन्हात वणवण करता आणि आम्ही रोज घासाघीस करतो. त्यापेक्षा असं करू. दसऱ्याला आम्ही चार घरं मिळून तुमच्या बियाण्याचं आणि खताचं बघतो. मग मळ्यात जे येईल ते दर रविवारी आम्हाला. कमी आलं तर कमी, जास्त आलं तर जास्त."

बनुबाईनं पाटी खाली ठेवली. "म्हंजे सुताराला, लोहाराला आमी सालाचं बलुतं देतो, तसं?"

"तसंच. फक्त आधी."

"मग मी तुमची बलुतेदारीण झाले की."

चार घरांची सात झाली. मळ्यात हात तीन: बनुबाई स्वतः, दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून पाठीचं धनुष्य झालेली हरणाबाई, आणि नदीवरचं डिझेल इंजिन चालवून पाटाला पाणी देणारा गुंडा. हरणाबाईच्या तोंडात कायम मिश्री असायची, त्यामुळं ती फारसं बोलत नसे. बोलली की थुंकायला उठावं लागे. गुंडाचं उलटं. तो इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचा आणि इंजिन बंद झालं तरी त्याचा आवाज खाली येत नसे.

लालासाहेबाला हा सगळा बायकी खेळ वाटायचा. तो बांधावर उभा राहून, धोतराचा सोगा हातात धरून म्हणायचा, "वैनी, ऊस म्हंजे कसं, लावला की माणूस मोकळा. ह्या तुमच्या मेथीला रोज इचारावं लागतंय, जेवलीस का, झोप लागली का."

"इचारलं तर काय बिघडतंय? ती उत्तर तरी देती. तुमचा ऊस नुसता डोलतोय."

"कारखाना नोंद घ्यायला तयार हाय वैनी. मळीत ऊस कसला हुईल, दृष्ट लागंल असा."

"भावजी, उसाला रोज हात लागत न्हाईत. मग हरणामावशीनं जायचं कुठं? परत खडी फोडायला?"

लालासाहेबानं सोगा सोडून टोपी नीट केली. तो वाईट माणूस नव्हता. बनुबाईच्या हातची वांग्याची भाजी असली की भाकरी मोजायचा नाही. पण शेतात आपला शब्द राहिला पाहिजे एवढंच त्याला कळायचं. शेवटी त्यानं तोड काढली. "पाडव्यापतोर बघू. सातीच्या साती घरं टिकली तर मळी तुमची, मी परत उसाचं नाव काढणार न्हाई. एक जरी घर फुटलं, तर नोंद घालणार. मग रडायचं न्हाई."

"रडायला येळ कुणाला हाय," बनुबाई म्हणाली, आणि खुरपं घेऊन वाफ्यात बसली. पण त्या दिवसापासून तिला झोपेत सुद्धा सात पट्ट्या दिसायच्या.

पट्ट्या पाडल्या तेव्हा लालासाहेब हसला होता. "भावाभावात वाटणी करत्यात तशी केलीया वैनींनी. आता भांडणं बी तशीच हुतील." बनुबाईनं मनावर घेतलं नाही. उलट सांगलीच्या घरांना ही वाटणी फार आवडली. रविवारी मंडळी यायची ती पिशव्या घेऊन, पोरंबाळं घेऊन, आपापल्या पट्टीच्या डोक्याशी उभी राहायची आणि "आमची भेंडी, आमची गवार" म्हणायची. चारुशीलाबाईंनी तर यजमानांचा, म्हणजे वकीलसाहेबांचा, विटलेला काळा कोट गुंडाला घालायला दिला. गुंडाला तो खांद्यात बसेना. त्यानं तो बुजगावण्याला चढवला. पुढं महिनाभर कावळे त्या पट्टीवर उतरले नाहीत, आणि वकीलसाहेब मळ्यात आले की कोटाकडं बघून आधी स्वतः दचकायचे.

मग माघात एका दुपारी गुंडा पाटाच्या कडेला बसल्या बसल्या पेंगला. इंजिन चालूच. पाणी उताराला धावलं आणि शेवटच्या पट्टीत तळं झालं. मळीची जमीन, पाणी लवकर सोडत नाही. चार-सहा दिवसांत चारुशीलेची वांगी माना टाकायला लागली. वरून हिरवी, खाली मुळं कुजलेली. बनुबाईनं एक रोप उपटून बघितलं, वास घेतला, आणि परत तिथंच टेकवून ठेवलं.

गुंडा आवाज खाली आणून बोलला, असं पहिल्यांदाच घडलं. "बनुअक्का, माझ्यामुळं."

"झालं ते झालं. आता कुणाला बोलू नगंस."

पट्टी गेली तरी वकिलांच्या घरचा वाटा जाता कामा नये. म्हणून बनुबाईनं रविवारी सकाळी, मंडळी यायच्या आधी, इतर पट्ट्यांतली थोडी थोडी भाजी तोडून चारुशीलाबाईंच्या ढिगात घातली. एक रविवार निभला. दुसरा निभला. तिसऱ्या रविवारी शकुंतलाबाईंचं लक्ष गेलं.

शकुंतलाबाई मास्तरांच्या घरातल्या, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. आपल्या पट्टीतलं एक वांगं त्यांनी भरतासाठी आठ दिवस आधी हेरून ठेवलं होतं. चांगलं पोसलेलं, देठाजवळ पांढरा पट्टा. ते झाडाला नव्हतं. ते चारुशीलाबाईंच्या पिशवीतून डोकं काढून बघत होतं.

आमच्याकडं भांडण झालं की शेजारच्या आळीला ऐकू जातं. या दोघी भांडल्या त्या इतक्या हळू, की पलीकडच्या वाफ्यात मेथी खुडणाऱ्या हरणाबाईला मिश्री थुंकून कान द्यावा लागला.

"मी काही म्हणत नाहीये हं चारुशीलाबाई. मी फक्त विचारते. ते वांगं आमच्या पट्टीतलं ना?"

"वांग्यावर काही नाव नसतं."

"वांग्यावर नसतं. पट्टीवर असतं."

"म्हणजे मी चोरलं, असं का तुमचं म्हणणं?"

"छे छे, असं कसं म्हणेन मी? तुम्ही वकिलांच्या घरच्या."

चारुशीलाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या आपल्या पट्टीकडं चालत गेल्या. तिथं जाऊन एक रोप हातानं हलवलं. ते सरळ हातात आलं. त्यांनी कुजलेली मुळं बोटानं दाबून बघितली. मग बनुबाईकडं वळून म्हणाल्या, "हे मला सांगायला हवं होतं तुम्ही. इतके दिवस आम्ही दुसऱ्यांच्या ताटातलं खात होतो, आणि सगळ्यांना ते दिसत होतं. मलाच तेवढं नाही."

"बाई, तुमच्या घरात भाजी कमी पडू नये म्हणून..."

"भाजी नव्हे हो. मान कमी पडला." त्यांनी पिशवी तिथंच सोडली. "आमचं आता राहू द्या." आणि टांग्यात बसून पुलाकडं निघून गेल्या. मागं राहिलेल्या घरांत कुजबुज झाली. शकुंतलाबाईंना तर आपलं वांगं परत मिळालं होतं आणि ते घ्यावंसं वाटत नव्हतं.

लालासाहेब इंजिनाच्या खोपीला टेकून सगळं ऐकत होता. मंडळी गेल्यावर तो पुढं आला.

"फुटलं का घर, वैनी?"

"फुटलं न्हाई. रुसलंय."

"दोन्हीत फरक काय?"

"रुसलेलं परत येतंय."

"कवा?"

"आइतवारी."

लालासाहेबानं टोपी काढून डोकं खाजवलं. "पुढच्या सोमवारी कारखान्याचा माणूस येणार हाय नोंदीला. मी काय मुद्दाम बोलावला न्हाई. त्योच येतोय."

सोमवार, मंगळवार बनुबाई गप्प होती. पट्ट्यांशी सुद्धा बोलली नाही, त्यामुळं तात्याबाची पारावर फार अडचण झाली. बुधवारी मिरच्यांतलं तण भांगलता भांगलता तिनंच विषय काढला. "मावशी, सगळ्यांच्या पट्टीतलं थोडं थोडं घेतलं. कुणाला कमी पडलं न्हाई. मग राग कशाचा?"

हरणाबाई उठली, बांधाकडं जाऊन थुंकली, परत येऊन बसली. "जत्रंत बोकडाचं वाटं घालत्यात का न्हाई?"

"घालत्यात की."

"तवा कोण म्हणतं का, ही मांडी माझ्या बांधाला चरत हुती, ही मलाच द्या?"

बनुबाईचं खुरपं थांबलं.

आमच्याकडं जत्रेला चार घरं मिळून बोकड घेतात. मटण झालं की पळसाच्या पानांवर जितकी घरं तितके ढीग लावायचे, प्रत्येकात सगळ्यातलं थोडं थोडं. मग ज्याचा त्यात वाटा नाही अशा माणसाला ढिगांकडं पाठ करून उभं करायचं. दुसऱ्यानं एका ढिगावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कुणाचा? पाठमोरा नाव घेईल त्याचा तो ढीग. कुणाला हाडं जास्त आली तरी राग धरायला जागा नाही, कारण नाव घेणाऱ्यानं ढीग बघितला नाही आणि ढीग दाखवणाऱ्यानं नाव घेतलं नाही.

"पट्ट्याच नगोत," बनुबाई हळू म्हणाली. "अख्खा मळा एक. जिथलं येईल तिथलं आणायचं आणि वाटं घालायचं. कुजलं तर सगळ्यांचं कुजलं."

गुंडा पाटातून ओरडला, "पर अक्का, ती माणसं मटण-वशाटाचं नुसतं नाव निघालं तरी नाकाला पदर लावणारी. त्यास्नी बोकडाची रीत सांगणार व्हय?"

"बोकडाचं कशाला सांगायचं? वांगी हायती, वांग्यापुरतं सांगायचं. आणि तू जरा हळू बोल."

शुक्रवारी ती सांगलीला गेली. चारुशीलाबाईंनी तिला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि समोर बसून कपातला चहा ढवळत राहिल्या, साखर विरघळून गेली तरी.

"वकीलीणबाई, पाणी तुंबलं ती चूक गुंडाची," बनुबाई म्हणाली. "पट्ट्या पाडल्या ती माझी. तुमास्नी सांगितलं न्हाई ती बी माझी. तुमी म्हणला मान कमी पडला, त्ये खरं हाय. मला वाटलं झाकलं म्हंजे मान राहतोय."

"शकुंतलाबाईंनी पाठवलं का तुम्हाला?"

"त्यांचा काय संबंध? मळा माझा हाय. आजून सोमवारपतोर तरी." मग तिनं लालासाहेबाची अट सांगितली, रडगाणं न गाता, बाजाराचा भाव सांगावा तशी. "तुमी माझ्यावर दया करून या असं न्हाई म्हणत. आइतवारी एकदा बघायला या. न्हाई पटलं तर तशाच माघारी जावा."

चारुशीलाबाई म्हणाल्या, "बघू." वकिलाच्या घरात बघू म्हणजे पुढची तारीख. बनुबाई पुलावरून परत येताना नदीकडं न बघता चालली.

रविवारी सकाळी सगळा मळा एकदम तोडला. चिंचेखाली गोणपाट अंथरलं आणि हरणाबाईनं सात ढीग लावले. वांगी, टोमॅटो, गवारी, मिरच्या, मेथीची जुडी. चांगलं, वाकडं, किडकं सगळ्यात सारखं. सहा घरं आली. सातवं नाही. शकुंतलाबाई सारख्या पुलाच्या रस्त्याकडं बघत होत्या.

"पाठ कुणी करायची?" गुंडानं विचारलं.

बनुबाई खोपीकडं वळली. "भावजी, तुमी या. तुमचा ह्यात वाटा न्हाई, आणि तुमाला ह्यातलं काय नगं बी हाय. तुमच्याइतका कोरा माणूस गावात न्हाई."

लालासाहेब नको नको म्हणत आला. त्याला पलीकडच्या शेतातल्या उसाकडं तोंड करून उभं केलं. गुंडानं पहिल्या ढिगावर बोट ठेवलं आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, "ह्यो कुणाचा?"

लालासाहेबानं घसा साफ केला. "मास्तरांचा."

शकुंतलाबाईंना आलेल्या ढिगात नेमकी वाकडी वांगी वर होती. त्यांनी ती बघितली, लालासाहेबाच्या पाठीकडं बघितलं, आणि पदरात घेतली. पुढचे ढीग गेले तसा लालासाहेबाला रंग चढत गेला. तो आता नाव घ्यायच्या आधी थोडा थांबायचा, लोकांना ताटकळत ठेवायचा. शेवटून दुसरा ढीग आला.

"ह्यो कुणाचा?"

"वकिलांचा," लालासाहेब म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. तो वळणार होता.

"वळू नगा भावजी," बनुबाई म्हणाली. "पडलाय वाटा त्यांचा. न्यायला कोण येवो न येवो. ह्यो बाजूला राहू दे."

ढीग बाजूला काढला. शेवटचाही गेला. मंडळी पिशव्या भरायला लागली, पण कुणी निघेना. टांग्याची घंटा ऐकू आली ती त्यानंतर बऱ्याच वेळानं. चारुशीलाबाई उतरल्या. आल्या, गोणपाटावर एकच उरलेला ढीग बघितला आणि विचारलं, "हा माझ्यासाठी वेगळा काढलात का?"

"न्हाई बाई. तुमच्या नावावर पडलाय. भावजींनी नाव घेतलं, ढीग बघितला पण न्हाई."

चारुशीलाबाई लालासाहेबाला म्हणाल्या, "खरंच नाही बघितलात?"

"आईशपथ न्हाई. मी ऊस बघत हुतो."

शकुंतलाबाई पुढं झाल्या. "माझी वाकडी बघा. तुमची त्या मानानं बरी आहेत." आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले." चारुशीलाबाईंनी खाली बसून ढीग पिशवीत भरायला घेतला, आणि शकुंतलाबाईंनी पिशवीचं तोंड धरलं.

सोमवारी कारखान्याचा माणूस आला. लालासाहेबानं त्याला चहा पाजला आणि वरच्या शेताची नोंद दिली. मळीचं त्यानं विचारलं तर म्हणाला, "तिथं जागा न्हाई." संध्याकाळी तो बनुबाईला म्हणाला, "पुढच्या आइतवारी बी मीच हुभा राहणार. गुंड्याला नावं नीट घेता येत न्हाईत, त्यो वरडतोय. फकस्त पुढच्या साली मला बी एक वाटा धरा."

"मग पाठ कुणी करायची?"

त्यावर तो विचारात पडला तो अजून पडलेला आहे.

आता राहिलं माझं, म्हणजे शेजारच्या घरातल्या पोरीचं. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी बनुकाकीला म्हटलं, ही रीत बोकडाची हे वकीलीणबाईंना कळलं तर त्या पिशवी नदीत टाकतील. काकी म्हणाली, न्हाई टाकणार. मी म्हटलं, पैज. हरणाऱ्यानं अख्खी मेथी एकट्यानं भांगलायची. रविवारी काकीनं सरळ सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. शकुंतलाबाईंचा पदर नाकाला गेला. चारुशीलाबाई वांगी निवडत होत्या, त्यांनी मान सुद्धा वर केली नाही.

"ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "आमचे हे दर जत्रेला अशिलांकडे जातात ते काय नुसती भाकरी खायला? घरी आले की किती वाटे पडले, कुणाला काय आलं, सगळं सांगतात. मला पहिल्याच रविवारी ओळखू आलं. म्हटलं, चला, आपल्यालाही एकदा वाटा आला."

मेथीची पट्टी, म्हणजे आता पट्टी म्हणायचं नाही, मेथीची ती जागा चांगली लांब आहे. मी दुपारभर वाकून होते. बांधावर चारुशीलाबाई छत्री घेऊन बसल्या होत्या आणि मधून मधून शांतपणे सांगत होत्या, "ते बघ, तुझ्या डाव्या हाताला एक राहिलं."